शेवटच्या रांगेतल्या खुर्चीपर्यंत

“मावशे, त्या बाईला कुणी सांगितलंय का गं, आमच्या निलीला फेफरं येतंय ते?”

हे मी बोलले. हातात झाडू होता. झाडणं थांबवलं नव्हतं, मान वर केली नव्हती, आणि आवाज इतका हळू ठेवला होता की दोन हातांच्या अंतरावर बसून लाकडी फळ्यांवरचे रंगाचे थेंब खरवडणाऱ्या रखमामावशीलाही मान तिरकी करावी लागली. निलीला फेफरं येत नव्हतं. जन्मात कधी आलं नव्हतं. माझी ही धाकटी बहीण त्या वेळी त्याच इमारतीत, अगदी मागे, शेवटच्या रांगेत उभी होती. तिच्या शेजारच्या खुर्चीवर पियानोवाल्या बाई बसल्या होत्या, मांडीवर काळी पर्स ठेवून. माय आणि आबा त्यांच्यासमोर हात बांधून उभे होते. निलीला त्या बाईंच्या घरी गाणं शिकायला ठेवायचं की नाही, हे त्याच घटकेला ठरत होतं. मी मंचावर होते तिथून ते चौघं अंगठ्याएवढे दिसत होते. दुसऱ्या कुठल्या इमारतीत माझं बोलणं त्यांच्या कानावरही गेलं नसतं. ही इमारत तशी नव्हती आणि ते मला ठाऊक होतं. म्हणूनच मी मंचाच्या मधोमध येऊन बोलले.

“अगं बया! आपल्या निलीला? कवापसून गं?” मावशी ओरडली.

बाईंनी पर्स उचलून छातीशी धरली. एवढं मला खालून दिसलं. मग निलीनं मान वळवली आणि थेट माझ्याकडं बघितलं.

निली, खरं नाव निला, माझ्याहून दीड वर्षानं धाकटी. आमचं गाव सोनपेठजवळ, गंगेच्या काठाला. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. घरात माय, आबा आणि आम्ही दोघी. एक भाऊ झाला होता, तो राहिला नाही. पहाटे माय आम्हाला दळायला बसवायची. जात्याच्या खुंट्याला दोघींनी समोरासमोर बसून हात लावायचा. पण जिनं दळलंय तिला ठाऊक आहे की दोघींचा हात सारखा नसतो. जी ओवी म्हणते तिचा हात खुंट्यावर नुसता ठेवलेला असतो. ओढते ती दुसरीच. आमच्याकडं ओवी निली म्हणायची. माय चुलीपुढून मला सांगायची, “प्रयाग, जरा नीट ओढ की गं, तिचा सूर तुटायलाय.” ज्वारी माझ्या हातानं भरडली जायची आणि शेजारीण भिंतीवरून म्हणायची, “आज निलीनं दळण लय गोड घातलं बाई.” दळण कधी गोड असतं का? पण असंच म्हणायचे.

खाण्याचंही तेच. सकाळी भाकर आणि लसणाची फोडणी घातलेली अंबाडीची भाजी, कधी भाजल्या धान्याचं येसर लावून केलेली दाट आमटी. भाकर तव्यावर फुगली की तिचा वरचा पापुद्रा माय निलीच्या ताटलीत टाकायची. गळ्याला मऊ लागतं म्हणे. खालचं जाड माझ्याकडं. माझ्या गळ्यातून गोटे गेले असते तरी कुणाची हरकत नव्हती. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचं काय धरून बसायचं. मोठ्या गोष्टीचा राग माणूस एकदा करतो आणि कामाला लागतो. पापुद्र्याचा रोज सकाळी नव्यानं करावा लागतो. आता मला दात नाहीत, सून भाकर दुधात कुस्करून देते, वरचं-खालचं सगळं एक होतं. तरी फुगलेली भाकर दिसली की मी आधी बघते ती कुणाच्या ताटात जाते.

दसरा झाला की आमची टोळी ऊसतोडीला निघायची. त्या साली मुकादम म्हणाला, ऊस नको, मुंबईला चला, थेटर बांधायचंय. थेटर म्हटल्यावर बायांना हुरूप आला, सिनेमा फुकट दिसेल म्हणून. तिथं जाऊन बघितलं तर थेटराला पडद्याची जागाच नव्हती. आबांनी विचारलं, “पडदा कुठं यायचा, मुकादम?”

“ह्यात पडदा न्हाई. साठ-सत्तर जण बसून वाजिवणार, आन् लोकं गप बसून ऐकणार.”

“भोंगा?”

“भोंगाबी न्हाई.”

“मग मागच्याला ऐकू कसं जायचं?”

“त्येच्याचसाठी तर एवढं मोठं बांधायलेत की,” मुकादम म्हणाला. पण त्याला स्वतःलाही ते पटलेलं दिसत नव्हतं.

आबा गावाकडं गवंडीकाम करायचे, म्हणून त्यांना भिंतीवर लावलं. त्या इमारतीत एकही भिंत सरळ नव्हती. एक बाहेर झुकलेली, दुसरी आत फुगलेली. आबांनी पहिल्याच दिवशी ओळंबा सोडून बघितला, खुणेची रेघ चुकली आहे असं ठरवलं आणि कुणाला न विचारता दुपारपर्यंत सगळं काम ओळंब्यात सरळ आणून ठेवलं. त्यांना वाटलं, शाबासकी मिळेल. आवाजाचे साहेब आले आणि त्यांनी कपाळाला हात लावला. त्यांना सगळे आवाजाचे साहेब म्हणायचे, कारण बांधकामातलं दुसरं काही ते बघायचे नाहीत. “सरळ भिंत आवाज परत फेकते, बाबा,” साहेब म्हणाले. “तिरकी भिंत तो सगळ्यांना वाटून देते.” आबांनी भिंत पाडली. संध्याकाळी पालावर माय चटणी वाढता वाढता म्हणाली, “जल्मात एकदा कुणी वाकडं काम करा म्हणलं, तर तेबी तुमाला जमलं न्हाई.” आबासकट सगळे हसले. आमच्या घरात हसणं असायचं, हे लिहून ठेवते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल आम्ही नुसतेच एकमेकांचे वैरी होतो.

छत झालं, भिंतींना लाकडी पट्ट्या बसल्या, लाल गाद्यांच्या खुर्च्या जमिनीला आवळल्या. मग आमच्याकडं झाडणं, पुसणं, खरवडणं एवढंच उरलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत सुतारांचे हातोडे थांबले की साहेबांचं काम सुरू व्हायचं. मंचावर कुणाला तरी दोन फळ्या एकमेकींवर आपटायला लावायचे, फुगे फोडायला लावायचे आणि स्वतः खुर्च्यांमधून फिरत वहीत लिहायचे. फुगे फोडू नका म्हणून टोळीतली लेकरं रडायची. एक दिवस साहेब म्हणाले, आज माणसाचा आवाज पाहिजे, बाईमाणसाचा. मुकादमानं मला पुढं ढकललं. मी थोरली, अंगानं भरलेली, शेतात माझी हाळी लांबवर जायची, म्हणून.

मी मंचाच्या मधोमध गेले. गंगेच्या ह्या काठावरून त्या काठाला हाळी द्यायची तर पोटातून आवाज काढावा लागतो. मी पोटातून काढला. साहेबांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. “ओरडू नकोस, नुसतं बोल,” ते म्हणाले. मला नुसतं बोलता येईना. काय बोलायचं आणि कुणाशी? “प्रयाग, म्हशीला बोलवायलीस का गं?” कुणीतरी म्हणालं आणि टोळी खिदळली. साहेबांनी मला हातानंच बाजूला हो म्हणून खुणावलं आणि विचारलं, “दुसरी कोण आहे?”

दुसरी कोण असणार? निली आली. परकराला हात पुसले, इकडंतिकडं बघितलंही नाही, आणि जात्यावर म्हणायची तशी, आवाज अजिबात न चढवता, तिनं ओवी धरली:

पहाटंच्या दळणाला
हाताला आला फोड
गंगंच्या पाण्यावानी
बयेचं बोलणं गोड

साहेब तेव्हा शेवटच्या रांगेत होते. ते जवळच्या खुर्चीवर बसले. वहीत काही लिहिलं नाही. म्हणाले, “पुन्हा म्हण.” तेव्हापासून ती रोज दुपारी म्हणू लागली आणि फुगे बंद झाले. हाताला फोड आल्याचं ती गात होती. फोड माझ्या हाताला यायचे. मी मंचाच्या खाली उभी राहून तिच्याकडं बघायचे आणि मनात म्हणायचे, चुकू दे. एकदा तरी चुकू दे. ती चुकायची नाही.

त्यानंतर आठेक दिवसांनी मी शेवटच्या रांगेमागची धूळ काढत होते. जेवणाची सुट्टी होती, साहेब आले नव्हते. माय आणि रखमामावशी मंचावर फतकल मारून भाकरी खात होत्या. रखमामावशी आमच्याच गावची, नात्याची नव्हे, पण सगळी टोळी तिला मावशी म्हणायची. मधे अख्खं थेटर होतं. आणि मायचा आवाज माझ्या कानाशी आला, शेजारी बसून बोलावं तसा. भाकरीचा तुकडा मोडल्याचासुद्धा आवाज आला.

“धाकटीची मला लय काळजी वाटायलीय. तिला जपणारं घर मिळाया पाहिजे.”

“आन् थोरलीला?”

“थोरलीचं काय? बैलावानी हाय. कुठंबी बांधली तर वैरण खाईल.”

मावशी हसली. माय हसली नाही. ती चेष्टा करत नव्हती, तिला खरंच तसं वाटत होतं. मी झाडत राहिले. रडले वगैरे नाही. त्या दिवशी मला मायचं मन कळलं आणि त्या इमारतीचा गुणही कळला. पुढचे चार-सहा दिवस मी वेगवेगळ्या रांगांत झाडू मारून ऐकत होते. मावशी नवऱ्याला काय बोलते, मुकादम सुतारांपाशी कुणाची चुगली करतो, सगळं ऐकलं. मंचाच्या मधोमध उभं राहून हळू बोललेलं शेवटच्या रांगेत सगळ्यात स्वच्छ येतं, हे मी साहेबांच्या वहीशिवाय शोधून काढलं. कुणाला सांगितलं नाही. त्या अख्ख्या कामावर तेवढंच एक माझं स्वतःचं होतं.

पियानोवाल्या बाई साहेबांच्या ओळखीच्या. उंच, पांढरे कापलेले केस, गुडघ्याखालपर्यंतचा झगा, पायात बूट. एकट्या राहायच्या आणि मुलींना त्यांचं ते इंग्रजी गाणं शिकवायच्या. निलीला ऐकायला त्या चार वेळा आल्या. चौथ्या वेळी आबांना म्हणाल्या, “मुलगी माझ्याकडे ठेवा. हलकं काम करेल, शाळेत जाईल, मी गाणं शिकवीन. मोठी झाल्यावर इथं गाईल.” इथं म्हणजे त्या मंचावर. आबा म्हणाले, उद्या सांगतो.

त्या दिवशी पालावर दुसरा विषय नव्हता. आबा म्हणत होते, परक्याच्या दारी पोर कशी ठेवायची. माय म्हणत होती, आपल्या दारी ठेवून तरी काय दिवे लागणार हायत. बाईंना द्यायला म्हणून तिनं तिळाची चटणी करायला घेतली. म्हणजे तीळ भाजले तिनं, कुटले मी. निली माझ्याजवळ येऊन बसली. “आक्का, मी गेले तर माझा हिरवा परकर तू घे.”

“ठिगळाचा?”

“ठिगळ दिसत न्हाई गं, नीट नेसलं तर.”

ती खुशीत होती म्हणून वाटत सुटली होती. मला तिचा परकर नको होता. त्या बाईंचं घर, शाळा, गाणं, त्यातलंही काही नको होतं. मला घरचं जातं आणि चूल बरी होती. पण तिला ते मिळालेलं मला बघवणार नव्हतं. पुढं जन्मभर गावात लोक मला “त्या गाणारीची बहीण” म्हणणार, आणि माय दर पाहुण्याला तेच सांगणार. कुटता कुटता हे सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाई येऊन शेवटच्या रांगेत बसल्या, आई-बाप समोर उभे राहिले, आणि मी झाडू घेऊन मंचाच्या मधोमध गेले.

पुढचं लवकर झालं. बाईंनी आबांना विचारलं, खरं आहे का. आबा म्हणाले, “न्हाई ओ बाई, कोण म्हणायलंय?” पण तोवर मावशी पदर खोचून पायऱ्या चढत वर पोचली होती. “लेकराला उभं करू नका, बसवा आदी! येतंय का गं, निले? डोळ्याफुडं अंधारी येतीय का?” निलीचं तोंड खरंच पांढरं पडलं होतं. बाईंनी ते बघितलं. “आजाराचं काही नाही,” त्या म्हणाल्या, “पण मी एकटी असते. घरात काही झालं तर काय करू? एवढी जबाबदारी मला नको.” माय शपथा घेऊ लागली. आई-बाप असलं लपवणारच, हे बाईंच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्या गेल्या. तिळाची चटणी खुर्चीवर राहिली.

निली पायऱ्या उतरून माझ्यापाशी आली. मला वाटलं झिंज्या धरेल. म्हणाली, “आक्का, तू बोललीस ते पार शेवटच्या खुर्चीपस्तोर आलं बरं का. साहेबाचं काम लय झकास झालंय.” आणि गेली.

मायनं रखमामावशीकडून सगळं काढून घेतलं. तिनं मला मारलं नाही. पालामागं नेऊन एवढंच म्हणाली, “तुझं नाव कुणाला सांगितलं, तर एकीला फेफरं आन् दुसरी काळ्या जिभेची. दोघीबी माझ्या उरावर बसताल.” त्यानंतर तिनं मला कधी वाढलं नाही. माझं मी घ्यायचे. आणि फेफऱ्याचं तर काय झालं, ते कुणाच्याच हातात राहिलं नाही. टोळीत आसपासच्या गावांची माणसं. नाही म्हणावं तितकं ते पक्कं होत गेलं. रखमामावशीचा जीव निलीवर होता, म्हणून तिनंच जास्त वाट लावली. फेफऱ्याच्या माणसाला कांदा किंवा चप्पल हुंगवतात. मावशी कमरेच्या चंचीत फोडायला तयार कांदा ठेवून निलीच्या मागं मागं फिरायची आणि तिला नुसती जांभई आली तरी नाकाशी धरायची. फेफरं म्हणजे साधा आजार, गोळ्यांनी आटोक्यात राहतो, हे मला आता ठाऊक आहे. माझ्या नातीची मैत्रीण गोळ्या घेते आणि सायकलवर शाळेला जाते. तेव्हा त्या एका शब्दानं मुलगी मोडीत निघायची. ते मला तेव्हाही ठाऊक होतं. मला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

साहेबांनी निलीला पुन्हा मंचावर बोलावलं नाही, पडलीबिडली तर म्हणून. पुन्हा फुगे आले, पुन्हा लेकरं रडू लागली. शेवटी एक दिवस साहेबांना भरलेलं थेटर पाहिजे झालं. रिकाम्या खुर्च्यांत आवाज वेगळा येतो आणि माणसं बसली की वेगळा, असं ते म्हणाले. माणसं आणायची कुठून? तर आम्हीच. गवंडी, सुतार, रंगारी, बिगारी, सगळ्यांनी आंघोळ करून, धुतले कपडे घालून यायचं आणि खुर्चीवर बसायचं. खोकायचं नाही. बायांच्या बांगड्या वाजतात, त्या काढून ठेवा म्हणून निरोप आला. त्यावर मोठा दंगा झाला. “नवरा शेजारी बसणार आन् मी बांगड्या उतरवून बसू? मेला का त्यो?” मावशी म्हणाली. एकही काढेना. मग मायनं जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडल्या आणि सगळ्या बायांच्या हातांना बांगड्यांवरून गुंडाळून दिल्या. हात मोडल्यासारख्या सगळ्या जणी ओळीनं बसलो. निलीला बाहेर तान्ही लेकरं सांभाळायला ठेवलं. मधेच फेफरं आलं तर काय, असं मुकादम म्हणाला. आमच्याच माणसांनी बसवलेलं ते दार दुहेरी होतं, जाड. बंद झालं की बाहेर काही जात नाही.

साठ-सत्तर जण मंचावर येऊन बसले. पुढं एक जण पाठ करून उभा राहिला, हातात बारीक काडी. त्यानं काडी उचलली आणि चाळीसेक हात एका वेळी हलले. मला आधी ऊसतोडच आठवली. टोळी लयीत आली की कोयते असेच एकत्र वर-खाली होतात. फक्त इथला मुकादम ओरडत नव्हता. मग आवाज आला. तो मंचावरून येतो आहे असं वाटत नव्हतं. आबांनी पाडून पुन्हा बांधलेल्या त्या तिरक्या भिंतीतून, छतातून, माझ्या खुर्चीखालून येत होता. मला त्यातलं काही कळलं नाही. पण मला तिथून उठायचं नव्हतं. डाव्या बाजूला माझ्याच वयाची एक मुलगी व्हायोलिन हनुवटीखाली धरून वाजवत होती. तिच्याकडं बघून माझ्या पोटात जे पेटलं ते निलीवरच्या जळण्याहून जास्त होतं, आणि त्या मुलीचं तर मला नावही ठाऊक नव्हतं. शेजारी माय बसली होती. तिचं तोंड ओलं होतं. ती मंचाकडं बघत नव्हती, बंद दाराकडं बघत होती.

बाहेर आल्यावर निलीनं विचारलं, “कसं होतं, आक्का?” काखेत कुणाचं तरी लेकरू, दुसरं पायाशी.

“काय न्हाई,” मी म्हणाले. “निस्ता गोंगाट.”

गेल्या साली निलीचा मुलगा तिला त्याच थेटरात घेऊन गेला. तिकीट काढून, खुर्चीवर बसवून, असंच साठ-सत्तर जणांचं वाजवणं ऐकवून आणलं. मला कुणी विचारलं नाही. आल्यावर तिनं फोन केला आणि गुडघेदुखी, पाऊसपाणी, सगळं बोलून झाल्यावर म्हणाली, “आक्का, गोंगाट नव्हता गं.” मी म्हणाले, मला कमी ऐकू येतंय, आणि फोन ठेवला. तीन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. या वयात.

गावी परत आलो तर बोलणं आमच्या आधी पोचलं होतं. निलीला गंगेवर एकटी पाठवू नका, चुलीपुढं बसवू नका, विहिरीवर तर नकोच, असं घराघरातून सांगून गेले. पडली म्हणजे? त्यामुळं पाणी मी, चूल मी, धुणं मी. निली ओट्यावर बसून शेंगा फोडायची. मी घागर घेऊन आले की म्हणायची, “आक्का, अजून एक खेप लागंल बघ. मी गेले असते, पण मला फेफरं येतंय ना.” दळायला मात्र बसायची. खुंट्यावर हात ठेवायची आणि गप्प राहायची. ओवी नाही. सूर सांभाळायचा नव्हता तरी जातं ओढत मीच होते. माय चुलीपुढून आता काही म्हणायची नाही.

माझं लग्न आधी झालं. गंगाखेडच्या अलीकडं एक गाव, एकच बैल, दुसरा शेजाऱ्याकडून सावडीनं आणलेला, गळकं माळवद. मी वैरण खाल्ली, कुणाला तक्रार सांगितली नाही. पुढच्या वर्षी माझ्या सासरी दोन माणसं आली, चारठाण्याकडची. मुलगा शाळामास्तर, घरचं चांगलं, मुलाच्या मामानं निलीला एका लग्नात बघितलेलं. ओसरीवर बसले, पाणी प्याले आणि त्यातला वडीलधारा मला म्हणाला, “बाई, पोराच्या जल्माचा सवाल हाय, म्हणून तुमच्याकडंच आलाव. तुमच्या बहिणीला फेफरं येतंय असं कानावर आलंय. सख्खी बहीण खोटं बोलणार न्हाई. तुमी न्हाई म्हणा, आमी उद्याच सुपारी फोडताव.”

दारात सासू उभी होती. नवरा खांबाला टेकून बिडी ओढत होता. मला खरं काय ते सगळं सांगायची गरज नव्हती. न्हाई, एवढंच म्हणायचं होतं. माझ्यावर काही आलं नसतं. मी त्यांच्या पायातल्या कोऱ्या वहाणांकडं बघितलं. मास्तराचं घर. पगार. निली दारात खुर्ची टाकून बसलेली.

“मी आता सासरी हाय,” मी म्हणाले. “तिकडचं मला काय मालूम?”

ते समजले. चहा घेतला आणि उठले. मुंबईत मी ते बोलले तेव्हा सोळा वर्षांची होते, असं म्हणता येतं. ओसरीवर मी लग्न झालेली बाई होते आणि पोटात मूल होतं.

निलीला शेवटी गंगाखेडचा एक माणूस मिळाला. पहिली बायको गेलेली, वयानं दहा वर्षं मोठा, स्टँडजवळ चहाचं दुकान. त्याला फेफऱ्याचं आधीच सांगितलं होतं. लोकांचं बोलणं आता लपवायचं नाही असं मायनं ठरवलं होतं, कारण खरं सांगून कुणी ऐकत नव्हतं. तो म्हणाला, “पडली तर उचलीन की.” हे मायनं मला मुद्दाम येऊन सांगितलं. माझ्या नवऱ्यानं असलं वाक्य उभ्या जन्मात तोंडातून काढलं नाही. मी निलीचं गाणं घालवलं, मास्तर घालवला, आणि तरी तिला असा माणूस मिळाला. त्या दिवशी मी शेतात जाऊन एकटीनं वाफे ओढले. ती कधी पडली नाही. त्याला कधी उचलावं लागलं नाही.

मी तिची माफी मागितली नाही. मागितली तर ती देईल, एवढं मी तिला ओळखते. मग तेही तिनंच दिलेलं होईल आणि मी घेतलेलं, पुन्हा ठिगळाच्या परकरासारखं. माझी सून म्हणते, आता कशाला उकरता, लिहू नका. नातीनं वही आणून दिली आहे आणि चवथीपर्यंतची अक्षरं अजून हातात आहेत. निला गेल्यावर लिहिलं असतं तर ते सोपं झालं असतं. म्हणून ती असताना लिहिलं. वही भरली की नात तिला नेऊन देणार आहे.

आबा आधी गेले, मग माय. रखमामावशी गेली तेव्हाही निलीला जपा म्हणत गेली. मुकादमाला जाऊनही बरीच वर्षं झाली. पियानोवाल्या बाई तेव्हाच म्हाताऱ्या होत्या. साहेबांचं ठाऊक नाही. त्या दुपारी ते बोलणं ज्यांच्या कानावर पडलं, त्यांतली निला आहे, गंगाखेडला, आणि मी आहे.